हॉस्टेलच्या गच्चीवर सातेरीच्या दोन पेट्या: परीक्षा, पाऊस आणि चावी सांभाळून

गच्चीवर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी, ठेवायची तर सगळ्यात आधी गच्चीची चावी. पेटी, माश्या, बुरखा हे सगळं नंतरचं. आपल्याकडे हॉस्टेलच्या गच्चीला कुलूप असतंच, चावी ऑफिसात, ऑफिस रविवारी बंद आणि तुम्हाला पेटी उघडायला वेळ मिळणार फक्त रविवारी. आम्ही पहिले दोन-तीन महिने असेच काढले, वॉचमन काकांना कटिंग पाजून पाजून, शेवटी रेक्टर सरांनीच वैतागून एक डुप्लिकेट चावी सही घेऊन दिली. तेव्हा परवानगीच्या अर्जातच चावीचं लिहा, "दर रविवारी सकाळी आणि गरज पडली तर कधीही" असं स्पष्ट.

मी हे पुण्याच्या हिशोबाने लिहितोय, आमचं हॉस्टेल टेकडीपासून जवळ आहे. नाशिक-कोल्हापूरला साधारण असंच, फुलांचे महिने थोडे मागेपुढे. नागपूर-अकोल्याकडे मात्र मे महिना वेगळाच प्रकार आहे, तिकडच्यांनी सावलीचं खाली लिहिलंय ते दुप्पट मनावर घ्या.

दुसरी गोष्ट, जी मला सुरुवातीला कुणीच सांगितली नव्हती. माशीचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष बरोब्बर उलटं चालतं. फेब्रुवारी ते एप्रिल फुलं जोरात, मध येतो, वसाहत (एका राणीचं पेटीतलं अख्खं कुटुंब) फुटायला बघते, आणि नेमक्या तेव्हा तुमच्या इंटरनल्स, सबमिशन, एंड सेम. मे महिन्यात गच्चीचा तवा होतो तेव्हा अख्खं हॉस्टेल गावी. जून ते सप्टेंबर पावसात माश्या उपाशी, तेव्हा तुम्ही रूम अलॉटमेंटच्या लाइनीत. पाऊस गेला, परत फुलं आली की दिवाळीची सुट्टी. हॉस्टेलवर ठेवलेल्या माश्या पुष्कळदा वर्षभरात पेटी सोडून जातात आणि मग सगळे म्हणतात पुण्याची हवा खराब झालीये, पण बऱ्याचदा कारण एवढंच असतं की ज्या पंधरा दिवसांत बघायला हवं होतं त्या पंधरा दिवसांत तिथे कुणी नव्हतं. त्यामुळे पेटी आणायच्या आधी कागद घ्या आणि बारा महिन्यांपुढे नावं लिहा. मे आणि दिवाळीपुढे नाव लिहिता येत नसेल तर थांबा, माश्या आणू नका. आमच्याकडे एक पीएचडीचा दादा होता जो सुट्टीत घरी जातच नाही, आणि एक डे स्कॉलर मैत्रीण, जिचं घर स्कूटीवर दहा मिनिटांवर. या दोघांवर सगळं चाललं.

माशी कुठली घ्यायची

सातेरी. दुसरा विचार करू नका. आपल्याकडे आग्या असते, ती मोठी, उंच इमारतीच्या सज्जाखाली नाहीतर पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं लटकवते, ती पेटीत राहत नाही आणि तिच्या नादाला लागायचं नाही. फुलोरी म्हणजे ती बारकी, झुडपात तळहाताएवढं पोळं करते, तीही पेटीत नाही. सातेरी अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, जुन्या मीटर बॉक्समध्ये एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते म्हणून ती पेटीत नांदते. चौथी मेलिफेरा, युरोपातली, जी १९६२ साली कांगड्याकडे नगरोट्याला आणून रुजवली. ती मध जास्त देते हे खरं, पण ती ट्रकने सूर्यफूल, मोहरी, ओवा असं पिकांमागे फिरवणाऱ्यांची माशी. हॉस्टेलच्या गच्चीवर बसवून ठेवलीत तर तिला खायलाच पुरत नाही आणि वर तिच्यावर व्हरोआ नावाचा माइट (अंगाला चिकटणारा बारीक परजीवी) पडतो त्याची औषधं करत बसा. सातेरी या माइटला पुरून उरते, ती एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकते. गांधीलमाशी दारात आली तर सातेरी तिला घोळक्यात गुंडाळून अंगाच्या गरमीने मारतात, आत ४५ अंशांच्या वर तापमान जातं. हे एकदा गच्चीवर डोळ्यांनी बघितलं आणि त्या दिवसाचं लेक्चर गेलं ते गेलंच.

सातेरीचा दोष एकच, रुसते. फार उघडझाप केली, मुंग्या लागल्या, खायला संपलं, पेटी तापली की अख्खी वसाहत उठून चालती होते. मेलिफेरासारखी सोसत नाही.

पेटी एक नको, दोन घ्या. एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची एक फ्रेम (पोळं असलेली लाकडी चौकट) काढून देता येते आणि माश्या त्यातूनच नवी राणी वाढवतात. एकच पेटी असेल तर राणी गेली की खेळ खलास. दोनच्या वर मात्र जाऊ नका, एका गच्चीच्या आजूबाजूच्या फुलांवर किती जणी जगणार. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत फिरते.

परवानगी

रेक्टरांना मध, निसर्ग, परागीभवन यावर भाषण देऊ नका, त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, कुणाला चावली तर कोण जबाबदार. त्याचं उत्तर घेऊन जा. अर्जात लिहा की पेट्या कुठे, गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात, तिथे चार फुटांवर दोरी आणि बोर्ड लावू, जबाबदार मुलं-मुली कोण त्यांचे नंबर, माशीची ॲलर्जी माहीत असलेले किती जण हॉस्टेलवर आहेत ती यादी आम्ही करू, आणि जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कुठलं. आम्ही प्रत्येक मजल्यावर फिरून यादी केली, दोन जण निघाले ज्यांना लहानपणी माशी चावून दवाखान्यात न्यावं लागलं होतं, त्यातल्या एकाची रूम गच्चीच्या जिन्याला लागूनच होती, ती आधी बदलून घेतली. हे केल्यावर सर खरंच मऊ झाले.

आणि स्वतः आधी शिकून घेतलंत तर बेस्ट. पुण्यात गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, खादी आयोगाची, १९६२ पासूनची, म्हणजे मेलिफेरा आली त्याच साली सुरू झालेली. तिथे ट्रेनिंग होतात, चौकशी करून एक करा. मी आधी व्हिडिओ बघून सगळं येतं अशा भ्रमात होतो, पण फ्रेम हातात धरून उभी कशी फिरवायची, म्हणजे आडवी केली की ताज्या पोळ्यातला मकरंद सांडतो आणि उन्हात मऊ झालेलं पोळंच तुटून पडतं, हे कुणीतरी शेजारी उभं राहून ओरडल्याशिवाय हाताला लागत नाही. सातारा-महाबळेश्वरकडचे असाल तर तिकडे खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे महाबळेश्वरला, आणि मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघरही तिथंच जवळ, सुट्टीत एक चक्कर मारा, घरोघरी पेट्या असलेल्या लोकांशी एक दुपार बोललात तरी पुष्कळ कळतं.

जागा

सकाळचं ऊन यावं, दुपारनंतर सावली. पाण्याच्या टाकीची पूर्वेकडची बाजू साधारण बरी पडते. तोंड कठड्याकडे करा, म्हणजे माश्या बाहेर पडल्या की कठडा चढून डोक्याच्या वरून निघून जातात, माणसांच्या वाटेत येत नाहीत. रात्रभर चालू असणारा बल्ब किंवा ट्यूब पेटीच्या समोर नको, माश्या उजेडाकडे येऊन आपटून मरतात, आणि खिडकीतून आत आल्या की अभ्यास करणारा बोंबलतो.

कपडे वाळत घालायच्या दोऱ्या पेटीसमोर नकोत. हे हसण्यावारी नेऊ नका. माश्या पेटीत घाण करत नाहीत, बाहेर उडून करतात, आणि त्याचे पिवळे ठिपके पांढऱ्या शर्टावर पडतात ते साबणाने लवकर जात नाहीत. आमच्याविरुद्ध पहिली लेखी तक्रार चावण्याची नव्हती, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या शर्टाची होती.

स्टँड लोखंडी, फूट-दीड फूट उंच. चार पायांखाली वाट्या ठेवतात मुंग्यांसाठी, सगळी माहितीपत्रकं सांगतात पाणी घाला. शहरात पाणी घालू नका. डेंग्यूच्या सीझनला महापालिकेचे लोक तपासायला येतात आणि त्या वाटीत डासांच्या अळ्या दिसल्या तर नोटीस हॉस्टेलच्या नावाने निघते, मग तुमच्या माश्या गेल्याच म्हणून समजा. गॅरेजमधून जळकं ऑइल आणा, तेच वाटीत घाला. मुंग्या लागलेली सातेरी दोन दिवसांत निघून जाते, त्यामुळे हे अगदी पहिल्या दिवसापासून. आणि स्टँडला टेकून झाडू, कुंडी, वायर काही नको, मुंग्या तोच पूल करतात.

पाणी मात्र वेगळं ठेवायचं, पेटीपासून आठ-दहा फुटांवर, मातीच्या पसरट भांड्यात खडे नाहीतर ओलं गोणपाट म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि रोज ओतून परत भरायचं. हेही माश्या यायच्या आधी तयार हवं. त्यांना एकदा मेसच्या सिंकची किंवा कुणाच्या कूलरची सवय लागली की नंतर तुम्ही चांदीच्या भांड्यात पाणी ठेवा, त्या तिथेच जाणार.

पेटीवर दगड ठेवा आणि स्टँडसकट दोरीने बांधा. एप्रिल-मेमधली वळवाची वावटळ झाकण उचलून दोन बिल्डिंग पलीकडे टाकते.

जागा एकदा ठरली की ठरली. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. मध्येच कुणी म्हणालं की सोलरचं काम आहे पेटी त्या कोपऱ्यात सरकवा, तर उचलून ठेवू नका, फिरून आलेल्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालत बसतात. रोज संध्याकाळी फूटभर सरकवा. घाई असेल तर रात्री दार जाळीने बंद करून तीन-चार किलोमीटर लांब कुणाच्या तरी गच्चीवर दोन-तीन आठवडे ठेवून मग परत आणून नव्या कोपऱ्यात ठेवा. द्राविडी प्राणायाम आहे पण चालतो.

माश्या आणायच्या कुठून

सोपा रस्ता म्हणजे ओळखीच्या मधपाळाकडून भरलेली वसाहत विकत घेणं. घेताना झाकण उघडून बघा, चार-पाच फ्रेम तरी माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या हव्यात, पोळ्यातली पिल्लांची बंद घरं, म्हणजे कप्पे, एकसलग हवीत, मध्ये मध्ये भोकं पडल्यासारखी नकोत. अळ्या पिशवीसारख्या फुगून मेलेल्या दिसल्या तर फुकटही घेऊ नका, तो थायी सॅकब्रूड असू शकतो, याच रोगाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडे सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या होत्या, त्यावर औषध नाही. पेटी आठ फ्रेमची सातेरीचीच घ्या. आपल्या या लहान पेटीचं मूळ तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांच्या पेटीत आहे, १९१०च्या सुमाराची गोष्ट, त्यांनी हिंदी माशी लहान आहे हे बघून विलायती पेटी छोटी केली. मेलिफेराच्या दहा फ्रेमच्या पेटीत सातेरी घातली तर तिला ते घर अंगाला ढगळ होतं, फ्रेममधलं अंतर चुकतं आणि ती मधेच वाकडी पोळी बांधत बसते.

दुसरा रस्ता जास्त मजेचा आणि त्यासाठी सोबत जाणकार माणूस पाहिजेच. शहरात सातेरी बऱ्याच ठिकाणी आपणहून राहत असते, बंद पडलेल्या लेटरबॉक्समध्ये, नारळाच्या बुंध्यात, डक्टमध्ये, आणि लोक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतात. त्याच्या आधी तुम्ही पोचा. धूर देऊन पोळी एकेक सुरीने कापायची, मधाचा भाग बाजूला काढायचा, पिल्लांचा भाग जसा लटकत होता तसाच उभा रिकाम्या फ्रेममध्ये केळीच्या सोपटाने बांधायचा. सोपटच का, तर माश्या पोळं फ्रेमला चिकटवून झालं की ते कुरतडून बाहेर टाकून देतात, नायलॉनचा दोरा त्यांना कुरतडता येत नाही. मग माश्या ओंजळीने, हो हाताने, पेटीत. राणी आत गेली की बाकीच्या आपोआप चालत आत जातात, दारात शेपटी वर करून पंख हलवत उभ्या राहिल्या की समजायचं बाई आत आहेत. दाराला आठवडाभर क्वीन गेट लावा म्हणजे राणीला बाहेर पडता येत नाही. हे सगळं अंधार पडता पडता करा आणि बिल्डिंगच्या लोकांना खिडक्या बंद करायला सांगा.

उघडून बघणं

साधारण दहा-पंधरा दिवसांतून एकदा, जानेवारी ते मार्च आठवड्यातून एकदा. थंडीत सकाळी दहा-अकराला, उन्हाळ्यात आठ-नऊला. ढग आले असतील, वारा असेल तर त्या दिवशी नाही. डिओ, परफ्यूम, केसांचं सुगंधी तेल काही नको, काळे किंवा लोकरीचे कपडे नकोत, आणि मेसमध्ये केळं खाऊन थेट पेटी उघडायला जाऊ नका. एका माशीने डंख मारला की धोक्याचा जो वास सुटतो तो पिकलेल्या केळ्यासारखाच असतो, त्याने बाकीच्या चिडतात.

धुराड्यात, म्हणजे माश्यांना धूर द्यायच्या भात्यात, गोणपाट नाहीतर नारळाची सोडणं जाळा. वर जाण्याआधी वॉचमन काकांना सांगून जा कारण गच्चीवर धूर दिसला की रेक्टरांना पहिल्यांदा सिगरेटच आठवते. दारात दोन-तीन फुंकर, मिनिटभर थांबा, मग झाकण. जास्त धूर दिला की सातेरी फ्रेमवरून पळत सुटते, खालच्या कडेला झुंबरासारखी लटकते आणि मग काहीच दिसत नाही. पेटीच्या बाजूला उभे राहा, दारासमोर नाही. फ्रेम उचलली की पेटीच्या वरच धरा, राणी पडली तर आत पडेल.

काय बघायचं तर अंडी. राणी शोधत बसू नका, नवशिक्याला ती दिसत नाही आणि तोवर पेटी उघडी राहून माश्या कातावतात. ऊन पाठीमागून घ्या, घराच्या तळाशी बारीक पांढरी रेघ उभी दिसली, एका घरात एकच, तर दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती एवढं पुरे. एकाच घरात तीन-चार अंडी वेडीवाकडी दिसली तर राणी जाऊन बरेच दिवस झालेत आणि कामकऱ्याच अंडी घालायला लागल्यात, मग जाणकाराला गाठा. तळपाट काढून झटका, तिथल्या मेणाच्या चुऱ्यात मेणकिड्याच्या अळ्या वाढतात. माश्यांनी न झाकलेली काळी जुनी पोळी काढून टाका, मेणकिडा आधी तिथेच शिरतो. सातेरी डिंक वगैरे लावत नाही म्हणून फ्रेम सहज सुटतात, ठोकाठोक करावी लागत नाही, हे एक सुख. दहा मिनिटांत झाकण बंद, वहीत तारीख आणि दोन ओळी.

एक सूचना सगळ्या मजल्यांवर लावून ठेवा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास कधीकधी पेटीसमोर शेकडो माश्या घोंगावत वरखाली करतात, शाळा सुटल्यासारखं दिसतं. तो हल्ला नसतो, नव्या माश्या घराची जागा पाठ करत असतात, वीसेक मिनिटांत सगळ्या आत. आम्हाला यावरून अग्निशमन दलाला फोन करता करता लोकांना थांबवावं लागलंय.

वर्ष कसं जातं

ऑगस्टमध्ये नवं सेमिस्टर लागतं तेव्हा माश्या सगळ्यात वाईट अवस्थेत असतात, म्हणून नवीन मुलांना पेटी याच वेळी दाखवू नका, काही नसतं त्यात. पावसात साखरेचा पाक द्यायचा, साखर आणि पाणी समान, पाणी उकळून उतरवून त्यात साखर विरघळवायची, गार झाला की संध्याकाळी पेटीच्या आत वाटीत, वर काड्या टाकून. पहिल्यांदा आम्ही हुशारी करून मेसमधला गुलाबजामचा उरलेला पाक दिला, वेलची आणि तुपासकट. करू नका. गूळही नको, पोट बिघडतं त्यांचं. दुकानातला मधही नको, त्यातून रोग येतो. आणि पाक बाहेर सांडला तर दुसऱ्या पेटीच्या, बाहेरच्या माश्या लुटायला येतात, ती मारामारी एकदा सुरू झाली की कमजोर पेटी संपते, म्हणून दार दोन माश्या जातील एवढं बारीक करून ठेवायचं.

पावसाळ्यातच डासांची धूर फवारणी होते, बहुतेक संध्याकाळी. वॉर्डातल्या माणसाचा किंवा हॉस्टेलच्या सुपरवायझरचा नंबर ठेवा, कळलं की अंधार पडल्यावर दाराला जाळी आणि वर ओलं गोणपाट, सकाळी उजाडताच काढायचं. गच्चीवर हजर कुणीतरी लागतं ते यासाठी.

पाऊस ओसरला की रस्त्याकडेचा कॉसमॉस, मग आइसक्रीम वेल, जी जवळपास वर्षभर माश्यांना सांभाळते, लोक ती नुसती तण म्हणून उपटतात. थंडीत कॅम्पसमधली निलगिरी. जानेवारीपासून टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे वनखात्याने लावलेलं ते ग्लिरिसिडिया, गुलाबी फुलांनी लगडतं. परदेशी झाड म्हणून त्याला शिव्या बऱ्याच बसतात, त्या रास्तही असतील, पण आमच्या माश्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. पुढे पांगारा, शेवगा, करंज, जांभूळ, कडुनिंब, शेवटी चिंच. सवडीने तुळस आणि सब्जा कुंड्यांत लावा, मेसवाल्या मावशी उरलेलं बी आनंदाने देतात.

फेब्रुवारी-मार्चला वसाहत फुटते. फ्रेमच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लटकणारी घरं दिसली की नव्या राण्या तयार होतायत, जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघणार. दिसल्या दिसल्या दुसऱ्या पेटीत फ्रेम वाटून विभागणी करा किंवा वरचा बुटका खण, सुपर, चढवून जागा वाढवा. आम्ही एका वर्षी मिडसेममुळे बारा दिवस पेटी बघितली नाही आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी अख्खा थवा पार्किंगमधल्या एका बुलेटच्या हँडलवर लटकलेला. गंमत म्हणजे तेव्हाच त्या सगळ्यात शांत असतात, पोट भरून मध घेऊन निघालेल्या असतात आणि राखायला घर नसतं. पुठ्ठ्याचं खोकं खाली धरून एक झटका दिला, आत पडल्या, खोकं सावलीत उलटं ठेवलं आणि पेपरला गेलो. गाडीवाल्याचा पेपर आमच्याबरोबरच होता, तो पायी आला.

मे महिन्यासाठी: पेटीला पांढरा रंग, झाकणावर थर्माकोल, त्यावर भिजवलेलं गोणपाट, दिवसातून दोनदा ओलं. पिल्लांच्या भागात माश्या ३४-३५ अंश राखतात, बाहेर चाळीस झालं की अर्ध्या माश्या पाणी वाहण्यात आणि पंखे मारण्यातच जातात. मेण वितळून पोळं खाली आलं तर वसाहत संपली.

चावली तर

चावणारच. नखाने खरवडून काटा लगेच काढा, काटा तुटून राहिला तरी विषाची पिशवी पंप करत राहते, म्हणून पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. बर्फ लावा. सूज दोन दिवस राहते. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वासाला त्रास, चक्कर, उलटी, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही, १०८ ला फोन नाहीतर मिळेल त्या गाडीने कॅज्युअल्टी. कांदा, चुना, हळद करत बसायचं नाही. गच्चीवर एकट्याने जायचं नाही हा नियम त्याचसाठी.

आणि बिल्डिंगला आग्या मोहोळ लागलं तर ते तुमच्या पेट्यांमुळे आलेलं नाही हे लोकांना आधीच सांगून ठेवा, कारण बिल तुमच्याच नावाने फाटणार. दगड, धूर, फटाके काही नाही, पाऊस लागायच्या आधी बऱ्याचदा ती आपणहून निघून जाते. धोक्याच्या जागी असेल तर काढायचं काम जाणकाराचं, रात्रीचं. तुम्हाला सातेरी हाताळता येते म्हणून आग्याला हात घालायला जाऊ नका.

मध

पहिल्या वर्षी धरू नका. नंतर एका पेटीतून दोन-तीन किलो निघाला तरी मी खूश असतो. फक्त वरच्या सुपरमधला, आणि फ्रेममधली तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली असतील तरच. उघड्या घरातला मध पातळ असतो, बरणीत फसफसतो. नियमाने मधात पाणी वीस टक्क्यांच्या आत पाहिजे, सातेरीचा मध मुळातच थोडा पातळ, म्हणून बंद घरांची वाट बघायची आणि बरणी फ्रिजमध्ये. खालच्या खणातला मध त्यांचा, त्याला हात नाही, आणि मे महिन्यात शेवटचा सुपर काढायचा मोह झाला तर पुढे चार महिने पाऊस आहे हे आठवा.

मधयंत्र विकत घेऊ नका, वर्षातून एक दिवस लागतं, मागून आणा. काढताना रूमच्या खिडक्या बंद करा, एक फट राहिली तरी अर्ध्या तासात अख्खी पेटी तुमच्या रूममध्ये. संध्याकाळनंतर काढलेलं बरं. पोळं पिळायचं नाही, यंत्रातून काढून रिकामी फ्रेम परत द्यायची, मेण पुन्हा बांधायला त्यांना भरपूर मध खर्चावा लागतो. विकायचा म्हटलं तर फूड लायसन्सचं सुरू होतं, आम्ही वाटतो. पहिली वाटी वॉचमन काका, दुसरी रेक्टर सर, तिसरी त्या शर्टवाल्याला. वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नाही एवढं प्रत्येक बरणीवर लिहितो, कारण लोक गावी घेऊन जातात.

शेवटचं, वही. हॉस्टेलची बॅच दोन-तीन वर्षांत बदलते, वसाहत मात्र राहते. एप्रिल संपायच्या आत पुढची दोन माणसं ठरवा, त्यांच्याकडून तुमच्यासमोर तीनदा पेटी उघडून घ्या, एकदा तरी चावून घ्या, मग वही द्या. वहीच्या पहिल्या पानावर ॲलर्जीची यादी, दुसऱ्यावर फोन नंबर, तिसऱ्यावर सुट्टीतली नावं. चावीची सही ऑफिसात जुन्याच्या नावावर राहते ती बदलून घ्यायला विसरू नका, मला नोकरीला लागून चार महिने झाल्यावर नो ड्यूजसाठी फोन आला होता, गच्चीची चावी जमा केली नाही म्हणून.